खुणेच्या वेली

जर्मनीतल्या स्वाइनफुर्ट शहराकडे जाणारी बस मेन नदीच्या पुलावर चढली की डाव्या हाताला द्राक्षांचा उतार दिसतो. लिओबा नेहमी उजवीकडची जागा धरायची. आज ती डावीकडे बसली आणि उतार नजरेआड होईपर्यंत बघत राहिली.

मांडीवरच्या पिशवीत सिल्वानर वाइनची चपटी बाटली होती, आणि पहाटे उठून केलेला आलुबुखाराचा केक. केक कशाला केला हे तिचं तिलाच कळत नव्हतं. कबुली द्यायला जाताना कुणी केक नेतं का?

तिचा नवरा एगिड फेब्रुवारीत गेला. जायच्या आधी तिनं त्याला विचारलं होतं, "आन्सेल्मला बोलावू?" त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "बाबांच्या वेली कापणारा माझा कुणी नाही." सख्खा धाकटा भाऊ, बसनं चाळीस मिनिटांवर राहणारा. तेव्हाही खरं काय ते लिओबाच्या ओठांवर आलं होतं. आलं आणि परत गेलं. सेहेचाळीस वर्षांत ते असं किती वेळा येऊन परत गेलं, त्याला गणती नाही.

वेली आन्सेल्मनं कापल्या नव्हत्या. लिओबानं कापल्या होत्या.

ती त्या घरात सून म्हणून आली तेव्हा बावीस वर्षांची होती. माहेर वर पठारावर, बीट आणि गव्हाच्या गावात. नदीकाठची माणसं पठारावरच्यांची टिंगल करायची. त्यांच्या हातात वेल दिली तर ते ती गाईपुढे टाकतील, म्हणायची. लिओबा हसून घ्यायची आणि मनात म्हणायची, दाखवीन एकदा.

सासऱ्यांचा, बुर्कार्डबाबांचा, उतारावरचा तुकडा जुन्या चालीचा होता. सिल्वानर, रिस्लिंग, ट्रामिनर, एल्बलिंग, सगळ्या पांढऱ्या जाती एकाच रांगेत सरमिसळ. कुणी आधी पिकायची, कुणी मागून. तोडणी मात्र एकाच दिवशी, आणि रस एकाच पिंपात. शेजारी तेव्हा म्युलर या नव्या जातीच्या एकजात सरळ रांगा लावत होते.

आन्सेल्म जेवताना मुद्दाम विषय काढायचा. "बाबा, ही जत्रा जाळा आणि म्युलर लावा. दुप्पट माल निघेल."

"आणि दंव पडलं की दुप्पट रडशील. माझ्या जत्रेत एक मेली तर दुसरी उभी असते."

त्या जत्रेतल्या काही सिल्वानर वेली म्हणजे बाबांचा जीव. सिल्वानरचा घड घट्ट, मण्यावर मणी चढलेला. शरदात पाऊस लागला की आतून कुजतो. या वेलींचे घड सुटे असत, वारा आरपार जाईल असे. बाबांच्या आजीनं त्या निवडून ठेवल्या होत्या. दर ऑक्टोबरात, तोडणीच्या आधी, बाबा फिरून अशा वेलींच्या खोडाला चुन्याचं कडं काढत. हिवाळ्यात पानं गळाली की सगळ्या वेली सारख्याच काळ्या; कुठली कोण ते मग बाबांनाही ओळखू येत नसे. चुना बघून जानेवारीत त्यांच्याच काड्या घ्यायच्या, तळघरात ओल्या वाळूत पुरायच्या आणि वसंतात कलमं बांधायची. तुकडा थकत चालला होता. त्या वर्षी बाबांनी त्रेचाळीस वेलींना चुना लावला. नवी लागवड सगळी त्यांचीच करायची होती.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की सुनेला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. तिच्या माहेरी झाडाला चुन्याचं कडं म्हणजे एकच अर्थ होता. हे तोडायचं.

लिओबाच्या सासरच्या त्या पहिल्याच जानेवारीत बाबा छातीच्या दुखण्यानं पडून होते. एगिड गावाच्या सहकारी वाइनघरात कामाला होता. छाटणीला आन्सेल्म आणि लिओबा, दोघंच. उताराच्या पायथ्याशी पोचताच आन्सेल्मनं आपली कात्री तिच्या टोपलीत टाकली.

"मी स्वाइनफुर्टला चाललोय. बेअरिंगच्या कारखान्यात बोलावलंय. घरी बोलू नकोस. मी दिवसभर तुझ्याबरोबर होतो, काय?"

"आणि तुझ्या वाटणीची छाटणी?"

"तू पठारावरची. दोन बैलांचं बळ आहे तुझ्यात."

"जा मेल्या! येताना भाजलेले बदाम आण, नाहीतर सगळं सांगते."

तो शीळ घालत उतरून गेला. लिओबानं दोन रांगा छाटल्या आणि मग तिला ती पांढरी कडी दिसली. एवढं तोडायचं काम पडून राहिलंय आणि बाबा अंथरुणात. तिनं करवत घेतली. एकेक वेल जमिनीलगत कापली, लाकूड काड्या जाळायच्या लोखंडी ढकलगाड्यातल्या विस्तवात घातलं. जुनं खोड छान जळतं. हात शेकता शेकता ती संध्याकाळी मिळणाऱ्या शाबासकीचा विचार करत होती.

संध्याकाळी बाबांनी आतून हाक मारली. "पोरी, आन्सेल्म होता ना कामाला?"

"होता, बाबा. दिवसभर." दिलेला शब्द पाळला म्हणून तिला जरा गंमतही वाटली.

"उद्या चुन्याच्या वेलींच्या काड्या घ्यायला सांग त्याला. जपून म्हणावं. सोनं आहे ते."

लिओबा स्वयंपाकघरात गेली आणि चुलीचा दांडा धरून उभी राहिली. दांडा तापलेला होता, हे तिला नंतर फोड आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी, ती नको नको म्हणत असताना, बाबा काठी घेऊन वर गेले. दुपारी परतले ते सरळ अंथरुणावर गेले. रात्री कांदा-व्हिनेगरातले सॉसेज ताटात पडले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"आन्सेल्म, त्या वेलींनी तुझं काय खाल्लं होतं?"

"कुठल्या वेलींनी?"

"त्रेचाळीस. मोजून आलोय."

आन्सेल्मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "मी नाही कापल्या! मी काल तिथं नव्हतोच. स्वाइनफुर्टला गेलो होतो, कारखान्यात. जाऊन विचारा."

"जत्रा जाळा, जत्रा जाळा, कोण म्हणत होतं?" एगिड मध्येच बोलला.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "मला विचारायला कारखान्यात जायची गरज नाही. घरात माणूस आहे. पोरी, तू सांग. हा होता का?"

आन्सेल्मनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शेजारचं माणूस मीठ पुढे करील म्हणून आपण थांबतो, तसा तो थांबला होता.

"होता," लिओबा म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी खालच्या रांगांत होते, तो वरच्या."

महिना संपायच्या आत आन्सेल्मनं घर सोडलं. वसंतात बुंध्यांना फुटवे आले, पण ते कलमाच्या खालच्या अमेरिकन खुंटाचे, रानटी पानांचे. बाबा बसून एकेक फुटवा उपटत राहिले. तसे सुटे घड पुन्हा त्या उतारावर कुणी पाहिले नाहीत. रिकाम्या जागी एगिडनं म्युलर लावली.

आन्सेल्म तिसऱ्या मजल्यावर राहत होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दार उघडून त्यानं आधी केककडे पाहिलं.

"कोण गेलं आता?"

"कुणी नाही. मी आलेय."

"ते दिसतंय. आत ये, जिन्यात वारा येतो."

त्यानं खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. ती कोट न काढताच बसली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली होती.

"त्या दिवशी मी 'होता' म्हणाले."

"मला माहीत आहे. मी समोर उभा होतो."

"वेली मी कापल्या. मला वाटलं, चुना म्हणजे—"

"तोडायच्या. पठारावर तसं करतात. मी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं." तो हसला, पण अगदी थोडं. "लिओबा, मी त्या गोष्टीवर वीस वर्षं चिडलो आणि मग कंटाळलो. चूक कुणाच्याही हातून होते. तू घाबरलीस. आणि शेवटी बाबांना सांगितलंस ना, मला तेवढं पुरे होतं."

लिओबानं मान वर केली. "काय सांगितलं?"

"खरं काय ते. त्यांनी त्यांच्या शेवटच्या शरदात बसच्या ड्रायव्हरबरोबर मला टोपली पाठवली होती. एकेका जातीचा एकेक घड, पानात गुंडाळलेला. चिठ्ठी नव्हती. पण बाबा उगीच कशाला पाठवतील? मी तेव्हाच बायकोला म्हटलं, लिओबा बोलली शेवटी. बाबांना कळलं." त्यानं टेबलावरून हात फिरवला. "त्यांच्या अंत्यसंस्काराला मी त्यामुळेच आलो. एरवी आलो नसतो."

आता पुन्हा एकच शब्द पुरला असता. हो. सत्तर वर्षांच्या माणसाला सुखानं केक खाता आला असता आणि तिला सुखानं बस पकडता आली असती. तिला त्या शब्दाची चव ओळखीची वाटली.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "बाबांना नाही, एगिडला नाही. कुणालाच नाही. बाबा गेले तेव्हा त्यांना वाटत होतं की तूच."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"म्हणजे ती टोपली…"

"माफ केलं होतं रे त्यांनी तुला. घड त्यांनी स्वतः तोडले. चढवत नव्हतं, तरी वर गेले. मी पाहिलं."

"पाहिलंस."

"हो."

"आणि तरी तोंड उघडलं नाहीस."

"नाही."

"मला माफी नको होती, लिओबा." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी काही केलं नव्हतं. ते घड मी आठवडाभर पुरवून खाल्ले. काय समजून खाल्ले मी!"

ती उठली. बाटली टेबलावर ठेवावी की पिशवीतच राहू द्यावी हे तिला ठरवता येईना.

"जाते मी."

"बस तासाभरानं आहे," तो म्हणाला. "स्टॉपवर बाक काढून टाकलंय. कुठं उभी राहणार? बस."

त्यानं कॉफी केली. कपाटातून एकच कप काढला, तिच्यापुढे ठेवला, दूधही ठेवलं. मग तो पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि बसची वेळ होईपर्यंत तिथून हलला नाही.