डिझेलची नळी ब्रेकला

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची नळी आहे. फार थकले आहे, म्हणून थोडक्यातच सांगते.

संघपाल आपल्या गाडीतून बायांना बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाला नेत असे. त्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल नेणं हे माझं काम. ते मला झेपत होतं. गॅरेजवाली दामिनी मला पुसताना म्हणायची, "तांबं हाय, गंजाचं भेव नाही." पुढे रबरी नळी आली आणि मी सीटखाली जाऊन पडले.

मग एका सकाळी ब्रेकची पोलादी नळी गंजून गळू लागली. नवी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. संघपालने मला सीटखालून काढून दामिनीपुढे धरलं.

"हेच लाव वं."

"नाही लावत," दामिनी म्हणाली. "डिझेल नुसतं वाहते, संघपालभाऊ. ब्रेकले जोर लागते. वरून हादरे बसले का तांबं कडक होते अन् तडकते."

"बाया वाट पाहून राहिल्या. आजच्यापुरतं."

ती ऐकेना. शेवटी त्याने मला स्वतःच बसवलं.

'आजच्यापुरतं'चे महिने झाले. ब्रेक लागत होता, म्हणून कुणी वाकून पाहिलं नाही. प्रत्येक ब्रेकला अंगावर ताण, प्रत्येक खड्ड्याला हादरा. माझा मऊपणा गेला. टोकाशी बारीक चीर पडली.

एकदा पुलाच्या उतारावर संघपालने ब्रेक दाबला आणि मी फाटले. त्याचा पाय थेट खाली गेला. त्याने गिअर उतरवला, हातब्रेक ओढला, गाडी कठड्याला घासत नेली. गाडी थांबली, पण मागे बसलेल्या भागीरथाबाईंचं उजवं मनगट मोडलं. त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. त्याच हाताने गिरणीत तुटलेले धागे जोडायच्या.

धंतोलीच्या दवाखान्यात संघपाल त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"दामिनी नाही म्हणत होती, मावशी. तरी मी ते नळी लावली."

भागीरथाबाईंनी प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "आमाले काहून नाही सांगतलं गा? आमी उतरलो असतो."



आता गाडीला पोलादी नळी आहे. भागीरथाबाई पुन्हा कामावर जातात, पण दुसऱ्या गाडीने.

मित्रांनो, ज्याला जे झेपतं तेच काम त्याच्याकडून घ्या. आणि मागे बसलेल्यांना न सांगता त्यांचा जीव कशाच्याही भरवशावर टाकू नका.