पंधरा टक्के जोडणी

टक्… टक्‌टक्… आवाज इतका बारीक होता की जयवंतीला आधी वाटलं पाल असेल, मग वाटलं नळ असेल, आणि मग तिनं स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं तर ती किल्ली होती. करंगळीएवढी, काटकोनात वाकवलेली, सायकलीचे बोल्ट आवळायची एल-की. विद्याधरच्या उजव्या हातात, फरशीपासून केसभर वर. तो तिला खाली ठेवू पाहत होता. ठेवायचं म्हणजे काय, सोडून द्यायचं. पण ती फरशीला लागायची, उठायची, पुन्हा लागायची… शेवटी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून त्यानं ती पेपरावर ठेवली — पाना, पकड, स्क्रू-ड्रायव्हर यांच्या रांगेत, उंचीप्रमाणे, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. जयवंतीनं घाईघाईनं मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काही नव्हतं.

ही हत्यारं ज्या सायकलीसाठी मांडली होती ती सायकल घरात आली नव्हती. मागवलीही नव्हती. पोंगलपासून ती जयवंतीच्या फोनमध्ये एका पिवळ्या बटणाच्या अलीकडे उभी होती — विजेवर चालणारी, वाटलं तर पेडल मारता येणारी, लायसन न लागणारी, मागे गादीची सीट असलेली, रंग 'मिडनाइट ऑलिव्ह', म्हणजे शेवाळी. फोन मधूनच विचारायचा, काही विसरलात का? इतक्या मायेनं तिला हल्ली कुणी विचारत नसे. खाली लोकांचे अभिप्राय होते. 'कालच मिळाली, अजून चालवली नाही, उत्तम आहे, पाच तारे.' 'वडिलांसाठी घेतली. ते बसत नाहीत. खोका मजबूत.' तिला सगळे पाठ झाले होते. बेंगळुरूहून ऊर्मी फोन करून करवादायची, "आई, दाब ना ते बटण एकदाचं! दुकानात गेलात तर तो माणूस तुम्हाला गुंडाळणार, आणि वर बाबा त्याच्याशी तासभर गप्पा मारत बसणार."

गप्पा मारत बसणार… तेच तर.

कारण स्कूटर आता चादरीखाली होती. डॉक्टर म्हणाले होते, कंपवात, अगदी सुरुवात आहे, घाबरायचं नाही, फक्त गाडी चालवायची नाही — आणि हे त्यांनी अशा सुरात सांगितलं जणू लोणचं बंद करा म्हणतायत. लग्नापासून विद्याधर पुढे आणि ती मागे. मिरजेत मागे, रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईला आल्यावर मागे, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मागे. त्याच्या पाठीची तिला इतकी सवय होती की मैलापूरचे कितीतरी रस्ते तिनं समोरून कधी पाहिलेच नव्हते. आता पुढे तिनं बसायचं. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं, कॉलेजात असताना तिनं सायकल हाणली होती. वाटत होतं ते दुसरंच. मंडवेळीचा तो दुकानदार वीस वर्षं त्यांची स्कूटर दुरुस्त करत आला होता. तो पाहणार. विचारणार. विद्याधर बोलायला लागणार, हात खिशातून बाहेर येणार, आणि त्या दुकानात चहा प्यायला बसलेली चार माणसं त्या हाताकडे आधी बघतील आणि मग बघणार नाहीत. ते न बघणं तिला नको होतं. फोनला डोळे नव्हते. फोनचं सगळ्यात चांगलं तेच होतं.

आणि वाईट एकच. 'सायकल पंच्याऐंशी टक्के जोडून मिळेल. उरलेली पंधरा टक्के जोडणी ग्राहकानं घरी करावी.'

ते वाक्य वाचून विद्याधर खुर्चीतून असा उठला होता, जसा कित्येक महिन्यांत उठला नव्हता. "पंधरा टक्के? अगं, रेल्वेचा अख्खा डबा उतरवून पुन्हा चढवलाय मी!" हत्यारांची पेटी त्याच दिवशी माळ्यावरून खाली आली. तेव्हापासून तो रोज सकाळी ती मांडत होता, पुसत होता, आवरत होता. आणि तेव्हापासून तिचा अंगठा त्या पिवळ्या बटणावर जाऊन परत येत होता. तिला दिसायचं… हॉलमध्ये फाडलेला खोका, गुडघ्यांवर बसलेला विद्याधर, हँडलचा बोल्ट, आणि बोल्टाच्या तोंडाशी जाऊन, घसरून, पुन्हा जाणारी ती किल्ली. टक्. टक्‌टक्. रिकामा मिक्सर माणूस किती वेळ चालवणार?

दुकानात न्यावं तर जगानं पाहायचं, घरी मागवावी तर आपण पाहायचं. निवड करायला तिला पूर्ण मोकळीक होती.

तसं तो हात हलताना तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती खूश झाली होती. मार्गळीचा, म्हणजे डिसेंबरातला गाण्यांचा महिना, इथल्या संगीतसभेत गाणं, दोघं मागच्या रांगेत, बाहेर कँटीनमध्ये तुपात काहीतरी चाललेलं आणि त्या वासानं निम्मं सभागृह रागातून उठलेलं. आजूबाजूचे सगळे मांडीवर ताल धरून बसले होते. इथली माणसं जन्मतःच तो धरून येतात. विद्याधरला इतक्या वर्षांत तो कधी जमला नव्हता. त्या संध्याकाळी तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं तर त्याची बोटं मांडीवर पडत होती. बारीक, एकसारखी. अरे वा, तिला वाटलं, झाला एकदाचा मद्रासी! ती हसली, त्याच्याकडे सरकून बसली. मग गाणं संपलं. टाळ्या झाल्या. लोक उठले, चपला शोधू लागले… आणि त्याचा हात अजून ताल धरूनच होता.

तेव्हापासून ती त्याच्या मागून फिरत होती. त्यानं बंद केलेला नळ पुन्हा बंद करायची. त्यानं लावलेली कडी पुन्हा लावायची. त्याचा कॉफीचा पेला अर्धाच भरायची, आणि विचारलंच तर म्हणायची, दूध महागलंय. त्याला कळत होतं का? कळत असणार. मी काय करतेय हे त्याला कळत नाही असं मी धरून चालायचं, आणि मला कळत नाही असं त्यानं… संसार बराचसा यावरच चालतो.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "नुसती बघून येऊ दुकानात. घ्यायची म्हणून नाही." दुकानात सायकल शंभर टक्के जोडलेली असते, हे ती बोलली नाही. त्यानं पेपरावरच्या हत्यारांकडे पाहिलं. "बघू या की," एवढंच म्हणाला, आणि शर्ट बदलायला आत गेला.

रिक्षात तिनं त्याला समजावून ठेवलं, उजवा हात पँटच्या खिशात. ऐटीत ठेवल्यासारखा. त्यानं ठेवला होता. फक्त खिशाचं कापड मधूनमधून थरथरत होतं, आत पाखरू ठेवल्यासारखं.

'श्री कामाक्षी सायकल्स'चा मालक गल्ल्यावर बसला होता. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. सगळे त्याला 'मुदलाळी' म्हणत, म्हणजे मालक, म्हणून तेही म्हणत. कपाळावर विभूती, पांढरी मिशी, समोर वजनाखाली दाबलेल्या पावत्या आणि एक लिंबू. गाडी विकली गेली की ते चाकाखाली ठेवून चिरडायचं, इथली रीत.

"वांगो सार, वांगो! वंडी एंगे?" या या, गाडी कुठाय?

"बॅटरी गेलीये," जयवंतीनं तमिळमध्ये ठोकून दिलं आणि लगेच इलेक्ट्रिक सायकलींकडे वळली. शेवाळी इथंही होती. तीच. दाटीत मावावी म्हणून हिचं हँडल आडवं वळवून ठेवलेलं. मुदलाळीनं किंमत सांगितली. तिनं फोन काढून पिवळ्या बटणावरची किंमत त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं चष्मा लावून ती शांतपणे वाचली.

"चांगली आहे," तो तमिळमध्ये म्हणाला. "तिथंच घ्या. पंक्चर झाली की फोनलाच ठिगळ लावायला सांगा."

आता मराठीची वेळ झाली होती. या दुकानात ती दोघं वीस वर्षं एक खेळ खेळत आली होती — भाव करायचा तमिळमध्ये आणि सल्लामसलत मराठीत, समोरच्याच्या तोंडावर, चेहरा हसरा ठेवून. तिनं गोड हसून म्हटलं, "अहो, चोर आहे हा नेहमीचा. निघायचं नाटक करू या. आणि ते हँडल सरळ करायला जाऊ नका हं, तुमचा हात दिसेल त्याला. खिशातच असू दे."

मुदलाळी पावत्यांवरचं वजन सरळ करत होता. वर न बघताच तो म्हणाला,

"करूं द्या कीं, बाई. हँडल कांय पळून जात नाहीं."

पंख्याचा आवाज होता. रस्त्यावर कुणी तरी हॉर्न देत होतं. जयवंतीला प्रथम वाटलं आपणच मनात बोललो. पण आपण मनात असं बोलत नाही, इतकं जुनं, बखरीतून उठून आल्यासारखं, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी तमिळ हेलकावा…

"आम्ही तंजावूरकडले मराठी," तो म्हणाला. "नांव नागोजी."

तिला एकेक आठवायला लागलं. वीस वर्षं. 'चोर' तर झालंच. 'पाणीसुद्धा विचारत नाही मेला' — तेव्हापासून इथं कॉफी मिळायला लागली होती. 'मिशीला कलप बघा, बूटपॉलिश वाटतंय' — आणि पुढच्या खेपेला ती मिशी पांढरी होती, आणि ती विद्याधरला म्हणाली होती, बिचारा एकदम म्हातारा झाला. आणि गेल्या वेळी… गेल्या वेळी ती इथंच उभी राहून म्हणाली होती, डॉक्टरांचं याला सांगू नका, आणि दुरुस्त झाल्यावर स्कूटर चालवत घरी न्यायची कशी, रस्ताभर तुमचा हात… आणि मुदलाळी तमिळमध्ये म्हणाला होता, सार, गाडी मी घरी पोचवतो. तिला वाटलं होतं, दुकानाची नवी सोय असेल.

विद्याधर हसायला लागला होता. आधी खांद्यांतून, मग सगळाच. "वीस वर्षं ऐकून घेतलंत? बोलला का नाहीत हो?"

"बोललों असतों तर तुम्ही बोलणें सोडलें असतें." नागोजीनं लिंबू उचलून पुन्हा ठेवलं. "आई होती तंवर घरांत मराठी होतें. ती गेली. पोरें तमिळच बोलतात. तुम्ही आलां कीं कानांस बरें वाटे."

"शिव्या असल्या तरी?"

"आई तरी काय म्हणे? चोरच म्हणे."

जयवंतीला लपायला तमिळ पुरत नव्हतं, आणि मराठी तर आता उघड्यावर होतं. तिनं विद्याधरकडे पाहिलं, आणि त्याचा हात खिशातून बाहेर आलेला पाहिला. हातात ती किल्ली होती. घरून आणली होती त्यानं. रिक्षात, सगळ्या वाटेवर, खिशात तीच थरथरत होती.

तो हँडलपाशी वाकला. किल्ली बोल्टाच्या तोंडाशी गेली, घसरली, पुन्हा गेली. टक्. टक्‌टक्. इथं मिक्सर नव्हता. नागोजीनं उठून पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, न बघण्यासाठी नव्हे, समोरच्या फूलवालीशी त्याचं काही बोलणं राहिलं होतं म्हणून, ते तो मोठ्यानं बोलू लागला. जयवंतीला वाटलं आपणही कुठंतरी बघावं. बघायला पुष्कळ होतं. पण ती हाताकडेच बघत राहिली. बोटं थरथरत होती, किल्ली थरथरत होती, आणि बोल्टात बसल्यावर मात्र… नाही, थांबली नाही. थरथरतच फिरली. ढिला केला, हँडल सरळ झालं, पुन्हा आवळला. वेळ लागला. इतकंच, वेळ लागला.

"एक चक्कर मारून या," नागोजी म्हणाला. "लिंबू नंतर. घ्यायची तर इथून घ्या, नाहीं तर फोनांतून घ्या. पण बोलायला या."

ती पुढे बसली. विद्याधर मागे. मोटर घोरत नव्हती, ओरडत नव्हती; रस्ता नुसता समोरून यायला लागला. फूलवाली, इस्त्रीवाला, सावलीत झोपलेला कुत्रा, सगळे तोंडावर. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर होता, अख्ख्या मंडवेळीच्या देखत, आणि बोटं पडत होती, बारीक, एकसारखी. पर्समध्ये फोन वाजला. तोच असणार, मायेनं विचारणारा. काही विसरलात का?

आणि तेव्हा तिला आठवलं की खरंच विसरलो. बोल्ट. बोल्ट एकदा बघून घ्या म्हणून नागोजीला सांगायला हवं होतं. त्याच्या नळामागून, कडीमागून फिरणारी ती, या हँडलामागून फिरलीच नव्हती. त्यानं आवळलं आणि ती सरळ बसून निघाली. तिनं हँडल मुठीत घट्ट धरलं. मग जरा सैल धरलं. ते सरळ होतं.

"जया, पुढे डावीकडे वळ, नाहीतर बसचा रस्ता लागेल," तो मागून म्हणाला, चांगलं मोठ्यानं. कुणाला कळू नये असं त्यात काही नव्हतं. कुणाला कळलं तर कळलं.

खांद्यावरचा ताल कुठला होता, तिला सांगता येत नव्हतं; तालातलं तिला कधीच काही कळलं नव्हतं. वळण जवळ आलं होतं. डावीकडे वळलं की दुकान, लिंबू, किंमत… आणि त्यानंतर जे काय असेल ते. तिनं वेग किंचित कमी केला, आणि वळायच्या आधीचा तो सावलीचा तुकडा जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवत राहिली.