रोजची हजेरी

आष्टीजवळच्या पारधी वस्तीत सरकारी दवाखान्याची आशाताई उज्ज्वला आली आणि घरोघरच्या फोनमध्ये एक ॲप टाकून गेली. श्रावणात वस्तीतल्या एका पोरीनं जीव दिला, तेव्हा इकडं कुणी फिरकलं नव्हतं. आता सगळ्यांना एकदम कळवळा आला होता. रोज सकाळी सातला फोनमधली बाई विचारायची, ‘आज आपल्याला कसं वाटतंय?’ या वस्तीशी अदबीनं बोलणारी ती पहिलीच बाई. खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एकावर बोट ठेवायचं.

“तीन दिवस रडका दाबला की बीडच्या दवाखान्यातनं धीर देणाऱ्या ताईचा फोन येतो,” उज्ज्वलानं समजावलं. “चुकून भलताच दाबला तर परत दाबा. शेवटचा असंल तोच धरत्यात.”

ठरल्या वेळी आपली खबर द्यायची, ही भानगड वस्तीतल्या साखराबाईला नवी नव्हती. तिचा आजा पारधी म्हणून पोलीसपाटलाकडं रोज हजेरी द्यायचा, आणि हजेरीत जरा इकडंतिकडं झालं की त्याला उचलून न्यायचे. आपलं नाव सरकारदरबारी चढलं की काही भलं होत नाही, एवढं शिक्षण तिला शाळेत न जाताच मिळालं होतं.

तिची लेक बबिता मात्र बारावी झालेली. आष्टीत कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. दोन महिन्यांपूर्वी दुकानातली एक साडी सापडेना, आणि मालकानं सगळ्यांदेखत फक्त तिचीच पिशवी उलटी केली. साडी दुसऱ्या दिवशी फळीमागं सापडली. बबिताला परत बोलवायला कुणी आलं नाही. तेव्हापासून पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून असायची आणि ताटाला शिवायची नाही.

घरात फोन एकच. सकाळी बबिता उठायची, रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायची आणि हंडा घेऊन पाण्याला जायची. ती नजरेआड झाली की साखराबाई लगबगीनं हसरा दाबायची. पोरीला कुणी न्यायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. भित्र्या मायेला दुसरं काय सुचणार?

चौथ्या दिवशी बबितानं विचारलं, “आये, बीडचा फोन आलता का?”

“न्हाई बा.” आणि ते खरंच होतं.

पाचव्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. सहाव्या दिवशी विचारलंच नाही. आठव्या दिवशी तिनंही जीव द्यायचा प्रयत्न केला, तिला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. जीव वाचला.

उज्ज्वला भेटायला आली ती रडकुंडीला येऊन. “तुमच्या घरातनं रोज हसराच आलाय. मला कसं कळावं?”

उज्ज्वला गेल्यावर साखराबाईनं लेकीचे पाय धरले. “मी हसरा दाबत व्हते गं. तुला नेत्याल म्हून लई भ्याले.”

बबितानं पाय आखडून घेतले. “मी वाट बघत व्हते, आये. मला वाटलं, माजं रडणं बघूनबी कुणी फोन करंना.”

साखराबाईनं फोन लेकीच्या हातात दिला. “आता दाब. देवाशप्पथ, मी हात लावणार न्हाई.”

बबिताचं बोट पाचही चेहऱ्यांवरून फिरलं आणि तिनं फोन परत केला.

“कंचा दाबू? आता काहीच वाटत न्हाई.”

साखराबाईनं फोन डोळ्यांजवळ धरून एकेक चेहरा निरखून पाहिला. तसला एकही नव्हता.