पट्टाच बिघडलाय!

मित्रांनो, पट्टा म्हटलं की तुम्ही आधी कमरेकडे बघाल. मी तिथला नव्हे. धावणारी माणसं छातीला बांधतात तो मी पट्टा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या आतल्या अंगाला रबरासारख्या दोन चकत्या आहेत आणि बाहेर एक छोटी डबी. चकत्यांनी काळजाचे ठोके ऐकायचे, डबीने ते मनगटावरच्या घड्याळाला कळवायचे, एवढंच माझं काम. ऐकलं तसं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. हे काम मी इमानेइतबारे केलं. तरीही ज्याच्यासाठी केलं तो माणूस गेला. त्याचीच ही हकिगत आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. विणलं, कापलं, शिवलं आणि शेकडो भावंडांबरोबर खोक्यात भरलं. खोकं उघडलं तेव्हा मी म्हैसूरला होतो आणि समोर नागभूषणचा गोल, हसरा चेहरा होता. बाजारामागच्या गल्लीत त्याचा लग्नपत्रिका छापायचा कारखाना होता. दिवसभर बैठं काम, शेजारीच मिठाईचं दुकान. व्हायचं तेच झालं आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तो आधी चालायला लागला, मग धावायला, आणि मग धावण्याच्या नादालाच लागला.

त्याने मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा त्याची बायको वनजाक्षी दारातच थबकली.

"अहो, हे काय बांधलंय छातीला?"

"अगं, काळीज मोजायचं यंत्र आहे."

"मोजा, मोजा. सापडलं तर मलाही सांगा!"

तो मोठ्याने हसला आणि ते हसू मला आतून ऐकू आलं. मला त्याच्या काळजाचा लळा लागला तो त्या दिवसापासून.

पहाटे तळ्याच्या बांधावर धावणाऱ्यांची एक टोळी जमायची. तिचे म्होरके होते पोन्नप्पा. कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, लष्करातून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. ते कुणाकडून पैसे घेत नसत, फक्त ओरडत असत. मंगळवारी मैदानावर इंटरव्हल आणि गुरुवारी तळ्याभोवती टेम्पो, हा त्यांचा नेम. नवा माणूस आला की ते समजावून सांगायचे, "हे बघ, इंटरव्हल म्हणजे सासूशी भांडण. जीव खाऊन भांडायचं, मग जरा दम खायचा, की पुन्हा भांडायचं. आणि टेम्पो म्हणजे संसार. थांबायचं नाही, ओरडायचं नाही, एका लयीत ओढत राहायचं." यावर वीजमंडळातला गुरुमूर्ती दर वेळी म्हणायचा, "सर, मग सुट्टी कधी?" आणि सगळे दर वेळी हसायचे.

आता माझ्या जातीची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. कोरड्या कातडीवरून मला ठोका नीट ऐकू येत नाही. थंडीच्या दिवसांत, अंगात सुळसुळीत शर्ट आणि वर वारा असला, तर मी काहीच्या बाहीच आकडे सांगतो. म्हणून मला बांधण्याआधी चकत्या ओल्या करायच्या असतात. नळ जवळ नसला तर ही मंडळी खुशाल थुंकी लावत. कुणाच्या घड्याळाने भलता आकडा दाखवला की चहूबाजूंनी ओरड व्हायची, "पाणी लाव!" पाणी लावलं की आकडा ताळ्यावर यायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. त्यामुळे आकडा चुकला म्हणजे पट्टा चुकला, हे त्या टोळीच्या हाडीमाशी भिनलं होतं.

बरे दिवस खूप पाहिले मी. त्याचं पोट उतरलं, साखर उतरली. काळीज आधी भेदरल्यासारखं धडधडायचं, ते पुढे पुढे शांत आणि दणकट चालायला लागलं. टेम्पोच्या दिवशी तर ते जात्यासारखं घरघरत असे, एकसारखं, न थकता. धावून झाल्यावर इडली-वडा आणि कॉफीवर मोबाइलमध्ये सगळ्यांच्या ठोक्यांचे आलेख पाहिले जायचे. नागभूषणचा आलेख पाहून पोन्नप्पा म्हणायचे, "याला म्हणतात काळीज!" ते कौतुक त्याचं होतं, पण मीही थोडं अंगाला लावून घ्यायचो. घरी गेल्यावर तो मला स्वतः धुवायचा, पिळायचा नाही, आणि सावलीत वाळत घालायचा.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती. दसऱ्यानंतर शहरात अर्ध्या मॅरेथॉनची स्पर्धा व्हायची आणि ती त्याला दोन तासांच्या आत पुरी करायची होती. आदल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. कारखान्यातल्या कामगारांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्याने या वर्षीचं सांगून ठेवलं होतं. वनजाक्षीलाही म्हणाला होता, "एकदा हे झालं की बास. मग तू म्हणशील ते."

गौरी-गणपती उरकले आणि त्याला ताप भरला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. आठवडाभर वनजाक्षीने त्याला नाचणीची आंबील पाजली. मी खुंटीवर होतो. ताप उतरला त्या दिवशी तो भिंतीला धरून उठला आणि पहिल्यांदा हात नेला तो माझ्याकडे.

"अहो, अजून जिना चढताना थांबताय तुम्ही," वनजाक्षी म्हणाली.

"म्हणूनच जायला हवं. अंग गंजलंय. स्पर्धा तोंडावर आलीय."

"तोंडावर काय आलंय ते आरशात बघा आधी."

पोन्नप्पांचा एक दंडक होता. जितके दिवस ताप, तितके दिवस नुसतं चालायचं. त्यांनी बांधावर त्याला पाहिलं आणि विचारलं, "काय रे, ताप होता ना तुला?"

"छे, सर. सर्दी होती नुसती."

हे त्याने किती सहज सांगितलं! सांगताना काळजाचा एक ठोका चुकला तो फक्त मला कळला.

त्या गुरुवारी टेम्पो होता. अर्धं तळं नीट गेलं. मग मला काहीतरी निराळं ऐकू आलं. ठोका, ठोका, मध्येच एक घाईचा ठोका, मग रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेनंतर एक मोठा दणका. आणि एकदम वारूळ फुटावं तशी ठोक्यांची पळापळ. मी घाबरलो, मित्रांनो. ऐकलं ते सगळं मी घड्याळाला कळवलं आणि घड्याळ किंचाळायला लागलं.

नागभूषण थांबला, मनगटाकडे बघितलं आणि वैतागला. "पट्टाच बिघडलाय!"

"पाणी लाव, भूषण्णा!" गुरुमूर्ती पुढून ओरडला.

त्याने बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं. तेवढ्या वेळात तो उभा होता, दम खात होता, त्यामुळे काळीज आपलं आपण वळणावर आलं. आकडा खाली उतरला. "बघ, म्हटलं नव्हतं?" गुरुमूर्ती म्हणाला. मी चिंब भिजलो होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारीही तेच झालं. मग माझ्या डबीतला सेल बदलला. गुरुवारी पुन्हा तेच. तेव्हा गुरुमूर्तीला एक युक्ती सुचली.

"आण इकडे. मी बांधतो. माझ्यावर कसा वागतो बघू."

त्याने मला आपल्या छातीला बांधलं आणि तळ्याचा निम्मा फेरा जोरात मारून आला. त्याचं काळीज ठणठणीत होतं. मी जसं होतं तसं सांगितलं. आकडा कुठेही अडखळला नाही. मला वाटलं, सुटलो! आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. पट्टा शहाणा आहे हे सिद्ध झालं, तर मग वेडंवाकडं काय आहे, एवढा साधा हिशोब.

गुरुमूर्तीने मला सोडलं, झटकलं आणि हसत म्हणाला, "घे. माझ्या घामाने बरा झाला. तुझा घाम तापानंतर पातळ झालाय, दुसरं काय!"

सगळे हसले. नागभूषण हसायला जरा उशिरा लागला. त्याने मला हातात घेतलं आणि क्षणभर नुसता बघत राहिला. त्याला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण स्पर्धा जवळ आली होती.

त्या रात्री वनजाक्षी म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. माझ्यासाठी चला."

"ते धावू नका म्हणतील."

"म्हणून तर जायचं."

"स्पर्धा होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू नेशील तिथे येतो. शपथ."

स्पर्धेआधीचा शेवटचा मंगळवार उजाडला. मैदानावर लाल माती, वर धुकं. पोन्नप्पा शिट्टी मारायचे आणि सगळे सुटायचे. पहिल्या दोन फेऱ्यांतच मी घड्याळाला ओरडायला लावलं. दम खायच्या वेळात नागभूषण कठड्यापाशी आला. त्याचे हात थंड पडले होते.

"काय रे?" पोन्नप्पांनी लांबून विचारलं.

"काही नाही, सर. हा पट्टा डोकं खातोय. काढूनच टाकतो."

आणि त्याने मला काढलं. शर्टाखालून हात घालून हूक सोडला आणि मला कठड्यावर टांगलं. शिट्टी वाजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो धावत होता आणि त्याच्या छातीत काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं. पावलं दूर गेली. वळणावर गेली. मग बाकीची पावलं थांबली आणि कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं.

पोन्नप्पांनी त्याची छाती दाबली, गुरुमूर्तीने गाडी आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तापाने काळजाला सूज आली होती, डॉक्टर म्हणाले. धावणं सोडून नुसती विश्रांती घेतली असती, तर बहुधा उतरली असती.

मला कठड्यावरून कुणी नेलं नाही. बऱ्याच दिवसांनी गुरुमूर्तीला मी तिथेच सापडलो, उन्हाने कडक झालेला. तो मला घेऊन वनजाक्षीकडे गेला. तिने मला ओंजळीत घेतलं.

मग तिने विचारलं, "गुरुमूर्ती, ह्याची तक्रार माझ्या कानावर होती. तुम्ही एकदा बांधून पाहिला होता म्हणे?"

"हो, अक्का."

"तुमच्यावर नीट चालला?"

"...हो."

"मग बिघडलं काय होतं?"

गुरुमूर्ती तसाच उठला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला.

स्पर्धा त्या वर्षीही झाली. ठरल्या वेळी सुटली, ठरल्या वेळी संपली, आणि पुढच्या वर्षीही होणार आहे.

मित्रांनो, मी आता वनजाक्षीच्या कपाटात असतो. मला पाणी नको, नवा सेल नको. तुम्ही खूप धावा, मला आवडेल. पण तुमचं अंग तुम्हाला काही सांगायला लागलं, तर ते सांगणाऱ्याला आधी खोटं पाडू नका. थांबा, आणि ऐकून घ्या. घरी एखादी वनजाक्षी तुमच्यासाठी दार उघडं ठेवून बसलेली असते.