कब्बिनाचं पानी

रक्षिताअक्काचं यीस्ट अखेर जाड झालं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत चरबीचा टपोरा थेंब चमकत होता आणि अक्काची पीएचडी वाचली.

असं काहीही झालेलं नाही. विद्यापीठाच्या समितीने तसं ठरवून टाकलंय, त्यामुळे वरची दोन वाक्यं मी लिहिली नाहीत आणि तुम्ही वाचली नाहीत. जे झालं नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

अक्का माझी मोठी बहीण. आईवडील हूटगळ्ळीला घर बांधतायत आणि घर काही त्यांना दाद देत नाही, म्हणून आम्ही दोघं म्हैसुरात सरस्वतीपुरमला गुरुरावकाका आणि अनुसूयाकाकूंकडे राहतो. अक्काचा विषय आहे यीस्टला जाड करणं. तत्त्व सोपं. यीस्टला साखर भरपूर द्यायची आणि लोखंड अजिबात द्यायचं नाही. त्याच्या पेशीत साखर जाळायची एक भट्टी असते, तिला लोखंड लागतं. ते मिळालं नाही की भट्टी मंदावते, साखर मात्र येतच राहते, मग यीस्ट बिचारं तिची चरबी करून पोटात साठवतं. आमच्या घरात हे काम सगळेच करतात, पण स्कॉलरशिप फक्त यीस्टवाल्यांना मिळते.

अक्काचं यीस्ट पहिल्यापासून सडपातळ. कुठून ना कुठून लोखंड शिरायचंच. काचेची बाटली ती अॅसिडने धुवायची, पाणी गाळून गाळून घ्यायची, तरी यीस्ट आपलं खाऊनपिऊन शिडशिडीत. शेवटी समितीने बजावलं, संक्रांतीनंतरच्या बैठकीत चरबी दिसली नाही तर स्कॉलरशिप बंद आणि जागा अर्जुनला. अर्जुन हा तिच्याच लॅबमधला. तो आधीपासूनच अक्काच्या खुर्चीची उंची आपल्या पायांच्या मापाने करून ठेवायचा.

त्यात संक्रांतीच्या सुट्टीत लॅबची वीज बंद राहणार होती, आणि नेमकं तेव्हाच अक्काला बेंगळुरूला एका परिषदेत पोस्टरशेजारी उभं राहायचं होतं. म्हणून ती यीस्टची बाटली घरी घेऊन आली. बाटली सतत हलती ठेवायची, एवढीच अडचण होती. काकूंनी माळ्यावरून सुती दोऱ्यांचा पाळणा काढला. आम्ही तो हॉलमध्ये टांगला, बाटली आत निजवली आणि ओढायची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली. मी परीक्षेचा अभ्यास करत यीस्टला झोके देऊ लागलो. माझ्या आयुष्यात जबाबदारीचं म्हणावं असं हे पहिलं पद.

निघताना अक्काने काकांना सूचना दिली, आणि इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आम्ही रंगाऱ्यांच्या घरातले. पणजोबा कापडावर ठसे छापायचे, काका विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून आमच्या मराठीतले बरेच शब्द गळून गेले आणि त्या जागी कन्नड आले. लोखंडाला आम्ही कन्नडप्रमाणे कब्बिण म्हणतो. ऊस म्हणजे कब्बु, आणि उसाचं ते कब्बिन. दोन्हींत फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर आमच्या घरात कुणालाच येत नाही. आम्ही पाणी पीत नाही, पानी पितो. लोण्याला लोनी म्हणतो आणि बाणाला बान. ‘ण’ हा आमच्याकडे फक्त कागदावर राहतो.

तर अक्का रिक्षात एक पाय ठेवून म्हणाली, “काका, त्याला रोज कब्बिनाचं पानी घाला. अन् कब्बिनाचा स्पर्शसुद्धा होऊ देऊ नका, हं.”

काकांनी मान डोलावली. रिक्षा गेल्यावर ते बराच वेळ फाटकापाशी उभे राहिले. विम्यातला माणूस. यातलं एक लोखंड आणि एक ऊस, हे त्यांनी बरोबर ओळखलं. कुठलं कुठलं, एवढाच प्रश्न होता. मी फोन करून विचारूया म्हटलं, तर म्हणाले, फोनवर तरी ती काय वेगळं बोलणार आहे.

मग त्यांनी आपल्या रक्ताला विचारलं. रक्त रंगाऱ्याचं. आमच्या परसात एक मडकं आहे. त्यात टांग्याच्या घोड्यांचे झिजलेले नाल, गंजक्या बिजागऱ्या आणि गुळाचं पाणी. काळी छपाई करायला जुने लोक हे लोखंडाचं पाणी मुरवून ठेवायचे. छपाई कधीच बंद झाली, पण काका पूर्वजांचा मान म्हणून मडकं भरतं ठेवतात. त्या पाण्याची कुणाला तरी गरज पडेल, याची ते निवृत्तीपासून वाट बघत होते.

म्हणजे ज्या यीस्टला आयुष्यभर लोखंडापासून जपलं, त्याला काका सकाळ-संध्याकाळ गुळासकट घोड्याचे नाल पाजू लागले. मडक्यातले जंतूही बरोबर गेले असणार. शास्त्रात त्याला संसर्ग म्हणतात, आमच्याकडे पाहुणचार.

राहिला ऊस. त्याचा स्पर्शसुद्धा नको होता, आणि सण होता संक्रांत. म्हैसुरात संक्रांतीला बायका ताटात एळ्ळु-बेल्ला म्हणजे तीळगूळ-खोबऱ्याचं मिश्रण, साखरेची चित्रं आणि उसाचा तुकडा घेऊन घरोघर जातात. काका फाटकावर खुर्ची टाकून बसले. तीळगूळ आत घेत होते, ऊस परत पाठवत होते. एका तुकड्याला त्यांनी छत्रीने अडवलं.

शेजारच्या सीतालक्ष्मीआंटी निवृत्त शिक्षिका, त्यांना कारण न सांगता काही परत करता येत नाही. काका कन्नडमध्ये म्हणाले की आत लहान आहे, त्याला चालत नाही. आंटींनी दारातून डोकावून पाहिलं. हॉलमध्ये पाळणा हलत होता, दोरी माझ्या अंगठ्याला, काकू गुणगुणत होत्या.

“कुणाचं?” आंटींनी विचारलं.

“आमच्या रक्षिताचं,” काका अभिमानाने म्हणाले. “ती बेंगळुरूला गेलीय. आम्हीच बघतोय.”

अक्काचं लग्न झालेलं नाही, हे आंटींना कुंडलीसकट माहीत होतं. त्यांनी ऊस पदराखाली घेतला आणि निघून गेल्या. आता हे सगळ्या गल्लीभर होणार, असं मला वाटलं. पण तासाभराने त्या परत आल्या, एका हातात सहाण, दुसऱ्यात पुडी. काकूंच्या हातात पुडी देऊन हळूच म्हणाल्या की झालं ते झालं, लेकराचा काय दोष. पुडीत बाळहिरडा होता. लहान मुलांच्या पोटात वायू धरला की उगाळून देतात तो.

काकूंना आत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. पण गुळामुळे बाटलीत सारखे बुडबुडे येत होते आणि काकू सकाळपासून ते बघून कासावीस होत्या.

“काकू, ते यीस्ट आहे,” मी म्हणालो.

“असेना. वायू तर धरलाय ना?”

आणि त्यांनी हिरडा उगाळून घातला. रोज घातला. बाटलीतलं पाणी शाईसारखं काळंकुट्ट झालं. काकांनी उजेडात धरून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हाच तो रंग.

अक्का परतली ती बैठकीच्या आदल्या दिवशी. पाळण्यात वाकून बघितलं आणि खाली बसली. बाटलीत काय घातलं, ते तिने काकांना विचारलं. काकांनी सांगितलं. काकूंनी विचारलं, पोट कसं वाटतंय त्याचं.

दुसरं काहीच हातात नव्हतं, म्हणून ती तीच बाटली घेऊन लॅबमध्ये गेली. अर्जुन तिच्या खुर्चीत बसला होता, उठायला त्याने जरा वेळ घेतला. अक्काने काळ्या पाण्यातला थेंब धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तशीच वाकून राहिली. पेशी गुबगुबीत. चरबीच चरबी.

घडलं होतं ते असं. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाला घट्ट धरून ठेवतो, म्हणून तर काळा रंग होतो. काकांनी घातलेलं सगळं लोखंड काकूंच्या हिरड्याने बांधून टाकलं, आणि आधीपासून चोरून शिरलेलंही. यीस्टच्या वाट्याला उरला फक्त गूळ.

बैठकीत तिच्या गाइड स्मृतीमॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “इतकी चरबी मी या विभागात कधी बघितली नाही,” त्या म्हणाल्या. “पद्धत काय वापरलीस?”

अक्काला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं सांगितलं. घोड्याचे नाल, छत्री, माझा अंगठा.

समितीने दार लावून चर्चा केली. निर्णय असा झाला की पद्धत नाही तर निकाल नाही, सबब यीस्ट जाड झालेलं नाही. मात्र उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, मुदत आहे. तोवर हाच प्रयोग जसाच्या तसा, लॅबच्या आवारात, लॅबच्या साहित्यावर करून दाखवला तर स्कॉलरशिप चालू राहील. बाहेरून आणलेला काका ग्राह्य धरला जाणार नाही.

तेव्हा अक्काने रीतसर अर्ज केला. तो विभागाच्या आवक पेटीत पडून आहे. शेवट असा:

“तरी, सदर प्रयोगासाठी विभागाकडून पुढील साहित्य उगादीपूर्वी मंजूर करून मिळावे. सुती दोऱ्यांचा पाळणा, एक नग. ‘ण’ न येणारे काका, एक नग. यीस्टचा वायू न बघवणाऱ्या काकू, एक नग. तसेच पाळण्यात बाळच आहे असे समजणारी व कोणालाही काही न बोललेली शेजारीण, एक नग. यांपैकी शेवटची बाब बाजारात उपलब्ध नसून, घरी असलेली एकमेव शेजारीण येत्या रविवारी बारशाला येणार असल्याने, तत्पूर्वी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.”