दाराशी उभे असलेले सभासद

"बाजूला हो, म्हातारबा. आजपासून दार आम्ही सांभाळणार," तो फौजी अधिकारी म्हणाला.

बाबा हलले नाहीत. पार्लमेंटच्या सभागृहाच्या जिन्यावर सकाळपासून शिपाई उभे होते, प्रत्येक पायरीवर दोघे-दोघे, आणि त्यांच्या बुटांचा चिखल बाबांनी पहाटेच पुसलेल्या दगडावर सांडला होता. मी जिन्याच्या पायथ्याशी, माझ्या फळीमागे उभी होते. वेस्टमिन्स्टरच्या त्या मोठ्या हॉलमध्ये हातमोजे आणि फिती विकायची जागा आईच्या माघारी माझ्याकडे आली होती. डिसेंबरचा महिना, थंडी अशी की हातमोजे हातोहात खपावेत. पण त्या दिवशी गिऱ्हाईकच नव्हतं. नुसते शिपाई. आणि त्यांच्यात, खालून चौथ्या पायरीवर, माझा नवरा गिडियन.

माझ्याकडे बघत नव्हता तो. आदल्या दिवशी विचारलं होतं मी, उद्या कुठे आहे तुमची पलटण? तर म्हणाला, "असेल कुठेतरी."

"दार माझ्याकडे आहे," बाबा अधिकाऱ्याला म्हणाले. "सभागृहाने दिलंय मला."

"हो ना? मग तुझा उपयोगच होईल." अधिकाऱ्याने हातातला कागद झटकला. "यातली नावं मला ठाऊक आहेत, तोंडं ठाऊक नाहीत. तू दाखव. एकेक जण येईल तसा सांग, हा कोण."

माझे बाबा, अँब्रोज पेलेट, सभागृहाचे दारवान. जन्मात कधी आवाज चढला नाही त्यांचा. आत भाषण चालू असताना त्रास होऊ नये म्हणून बुटांना लोकरीचे तळवे शिवून घेणारा माणूस. घरातही ते आले-गेलेले कळायचे नाहीत. आई चिडून म्हणायची, मी माणसाशी लग्न केलंय की सावलीशी?

"ओळखतो मी सगळ्यांना," बाबा म्हणाले. "सगळे सभासदच आहेत."

"त्यातले नको असलेले कोणते, ते विचारतोय."

"ते त्यांना निवडून देणाऱ्यांना विचारा."

दोन-चार शिपाई हसले. अधिकारी हसला नाही. तेवढ्यात हॉलच्या टोकाकडून काठीचा आवाज आला. थर्स्बीसाहेब. ऑटरफोर्ड नावाच्या लहानशा गावचे सभासद, लोकरीचे व्यापारी, एका पायाने अधू. आठ वर्षांत चारदा बोलले असतील सभागृहात, आणि चारही वेळा त्यांच्या गावच्या पुलाबद्दल. पण परवा रात्रभर सभा चालली होती आणि युद्धात हरून कैदेत पडलेल्या राजाशी बोलणी पुढे न्यावीत असं ज्यांनी मत दिलं, त्यांत ते होते. राजाला हरवणाऱ्या सभागृहाच्याच फौजेला ते नको होतं. म्हणून हे शिपाई.

"नाव?" अधिकाऱ्याने विचारलं.

"एडमंड थर्स्बी. का रे बाबा, आज पाहुण्यांची मोजदाद आहे का?"

अधिकाऱ्याने कागदावर बोट फिरवलं. मान हलवली. दोघा शिपायांनी थर्स्बीसाहेबांचे दंड धरले. काठी सुटली आणि खडखडत एकेक पायरी खाली आली.

आणि मग मी तो आवाज ऐकला. मला कळलंच नाही आधी की तो बाबांचा आहे.

"ऑटरफोर्डच्या लोकांनी निवडून दिलेले एडमंड थर्स्बी दाराशी उभे आहेत! त्यांना शिपायांनी अडवलंय!"

तोंड त्यांनी वरच्या दाराकडे केलं होतं. दगडी जिन्यातून तो आवाज वर गेला. आतली कुजबुज थांबली. वरचं दार अर्धवट उघडं होतं, आतल्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. आता कुणीतरी बाहेर येईल असं मला वाटलं. सगळेच येतील, उठून, धावत. का नाही येणार?

दुसरे सभासद आले. पकडले. बाबा ओरडले. तिसरे आले. बाबांनी त्यांचं नाव, त्यांचं गाव, सगळं वर पाठवलं. एक कारकून जिन्यावर आला, अधिकाऱ्याला म्हणाला, "सभागृह विचारतंय, सभासदांना कोणत्या अधिकाराने धरलंय?"

अधिकाऱ्याने कंबरेच्या तलवारीवर हात ठेवला. "या अधिकाराने."

कारकून परत गेला. आणि जाताना त्याने वरचं दार ओढून घेतलं.

ते दार लागल्याचा आवाज मला आजही सहन होत नाही. शिपायांचा राग मला आहेच, पण शिपाई काय, त्यांच्या हातात बंदूक असते, ते बंदुकीचंच काम करणार. त्या दारामागे बसलेल्यांचं काय? त्यांच्या हातात काय होतं? नुसतं उठून बाहेर यायचं होतं.

त्याच वेळी येलंडसाहेब आले. क्रिस्पिन येलंड, हॅलोबीचे सभासद, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, बारीक नाजूक बोटांचे. त्यांचं नाव कागदावर नव्हतं. त्यांनी पायऱ्यांवर धरून ठेवलेल्या थर्स्बीसाहेबांना पाहिलं. दोघे वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसायचे.

"क्रिस्पिन," थर्स्बीसाहेब म्हणाले, "माझी काठी तेवढी दे रे."

काठी येलंडसाहेबांच्या पायाशीच पडली होती. ते ती ओलांडून वर गेले.

"त्या म्हाताऱ्याला गप्प करा," अधिकारी म्हणाला, कारण बाबांनी चौथं नाव घेतलं होतं. आणि बोट दाखवलं ते गिडियनकडे. मुद्दाम की योगायोगाने, देव जाणे.

गिडियन वर गेला. "बाबा, पुरे आता. चला."

"हात लावू नकोस."

"बाबा, ऐका माझं, हे लोक मारतील तुम्हाला."

"तू 'हे लोक' म्हणतोस? अंगात कोट कुणाचा आहे तुझ्या?"

गिडियनने त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांना ओढलं. लोकरीचे तळवे ओल्या दगडावर टिकले नाहीत. बाबा पडले. पाच-सहा पायऱ्या घरंगळत माझ्या फळीशी आले. तोंडातून रक्त येत होतं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

समोर पुढचे सभासद येऊन थांबले होते. मी त्यांना ओळखत होते. लोकरी हातमोजे घ्यायचे, करड्या रंगाचेच.

त्यानंतर मी फार विचार केला असं नाही. फळीवर चढले आणि ओरडले. त्यांचं नाव, त्यांचं गाव, लोकांनी निवडून दिलंय, शिपायांनी अडवलंय. पुढच्यांचंही. शेजारच्या फळीवरची जोन, पुस्तकं विकणारी, तिला राजकारणाचं काडीचं घेणं नव्हतं, तीही ओरडू लागली. तिला गावं माहीत नव्हती, ती नुसतंच ओरडायची, "अडवलंय! अडवलंय!"

"त्या बाईलाही!" अधिकारी गिडियनवर खेकसला.

गिडियन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. बंदूक आडवी धरून. मी त्याच्या डोक्यावरून वर बघत ओरडत राहिले. तो नुसताच उभा राहिला. शेवटी दुसऱ्याच शिपायांनी माझी फळी लाथेने उलटवली आणि आम्हाला हॉलबाहेर काढलं. हातमोजे चिखलात तुडवले गेले.

संध्याकाळी गिडियन घरी आला. बाबा शेकोटीजवळ बसले होते, ओठ सुजलेला. मी पाणी दिलं नाही त्याला.

"मी पाडलं नाही तुम्हाला," तो म्हणाला. "पाय घसरला."

"माझा घसरला," बाबा म्हणाले. "तुझा?"

गिडियनचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला काय कळतंय, बाबा? पायात धड बूट नाहीत आमच्या. महिनोन् महिने पगार नाही. ज्या राजाने दोनदा युद्ध पेटवलं, ज्याच्या पायी माझे मित्र मेले, त्याच्याशी हे गाद्यांवर बसून तह करणार! आणि आम्ही बघत बसायचं?"

"माझा राल्फ पण मेला," बाबा म्हणाले. राल्फ माझा भाऊ, मार्स्टनच्या माळावर राजाविरुद्ध लढताना पडलेला. त्याचं नाव बाबा घेत नसत. "कशासाठी मेला, सांग. राजा शिपाई घेऊन आला होता याच दाराशी, पाच सभासदांना धरायला. पाच! मी होतो तिथे. त्या पाचांसाठी अख्खा देश पेटला. आज तुम्ही किती धरलेत?"

"ती गोष्ट वेगळी."

"शिपाई तेच, जिना तोच. वेगळं काय? तुमचा पगार बुडवला असेल, मागा. सभासद लबाड वाटतात, लोकांना सांगा, पुन्हा निवडणूक मागा, त्या हॉलमध्ये येऊन बोंब मारा. मी दार उघडून दिलं असतं तुम्हाला. पण बंदूक घेऊन तुम्ही ठरवणार, आत कोण बसेल? उद्या तुम्हीच नकोसे झालात कुणाला, तर?"

गिडियन न जेवता निघून गेला.

पकडलेल्या सभासदांना त्या रात्री शेजारच्या एका खाणावळीत कोंडलं होतं. त्या खाणावळीचं नावच 'नरक'. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी घोंगडी आणि भाकरी घेऊन गेलो. म्हातारी माणसं रात्रभर बाकांवर बसून होती. थर्स्बीसाहेबांनी भाकरी घेतली.

"आमचा पाद्री लहानपणापासून सांगायचा, एडमंड, तू नरकात जाशील," ते म्हणाले. "पण गावच मत देऊन पाठवील असं नव्हतं सांगितलं त्याने."

बाबा हसले नाहीत. "आतून कुणीच आलं नाही, साहेब."

"ऐकू आलं का त्यांना?"

"आलं. सगळ्यांना आलं."

फौजेविरुद्ध काही करणार नाही असं वचन द्या, सोडतो, असा निरोप आला होता त्यांना. थर्स्बीसाहेबांनी दिलं नाही. "आठ वर्षं पुलाबद्दल बोललो," म्हणाले, "एकदा तरी दुसऱ्या कशाबद्दल बोलू द्या." पुढे सुटले ते, पण त्या थंडीने छाती धरली होती. वसंतापर्यंत गेले. बाहेर काढलेल्या सभासदांनी निषेधाचं पत्रक छापलं होतं, तेव्हा आत उरलेल्यांनी ते खोटं आणि बदनामीचं ठरवलं. आत उरलेल्यांनी! त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा घरातलं भांडं भिंतीवर फेकलं.

बाबांची नोकरी गेलीच होती. माफी मागितलीत तर परत घेऊ, असं एक कारकून सांगून गेला. बाबांनी त्याला विचारलं, "कुणाची माफी? दाराची?"

गिडियनची पलटण पुढच्या वर्षी आयर्लंडला निघाली. निघताना तो दारात उभा राहिला. "त्या दिवशी तुला गप्प करायचा हुकूम होता मला," म्हणाला. "मी ऐकला नाही. एवढं तरी हिशेबात धर."

"धरते," मी म्हटलं. तेवढंच बोललो आम्ही. तो परत आला नाही. राग अजून आहे मला त्याचा, आणि तो मेलेल्या माणसाचा राग असल्यामुळे कुठे ठेवायचा ते कळत नाही.

बाबांना नदीच्या घाटावर काम मिळालं. होडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना हात द्यायचा. शेवाळलेल्या पायऱ्या, ओहोटी लागली की जास्तच निसरड्या. मी तिथेच टोपली घेऊन बसायचे.

चार वर्षं गेली. एप्रिलमधल्या एका दिवशी वेस्टमिन्स्टरकडून माणसं घोळक्याने येऊ लागली. त्यांत येलंडसाहेब होते. डोक्यावर टोपी नाही, ओठ पांढरे. घाटावर आले आणि बाबांना बघून थबकले.

"अँब्रोज," ते म्हणाले. "फौज आत आली. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. दाराला कुलूप घातलं, अँब्रोज."

माझ्या तोंडात इतकं काही होतं! चार वर्षं साठवलेलं. मी उठलेही. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी बसले.

"कुठे जायचंय, साहेब?" बाबांनी विचारलं.

"घरी. हॅलोबीला." येलंडसाहेबांचे डोळे भरून आले होते. "लोक विचारतील. काय सांगू मी त्यांना?"

"त्यांनी तुम्हाला निवडलं होतं," बाबा म्हणाले. "मला नाही."

मग त्यांनी हात पुढे केला. "पायरी ओली आहे. जपून."

येलंडसाहेबांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. होडीत बसले तरी सोडायला तयार नव्हते. नावाड्याने वल्हं मारलं तेव्हा सुटला. होडी प्रवाहाला लागली. बाबांनी तो हात कोटाला पुसला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मागे मासळीची पाटी घेऊन खोळंबलेल्या बाईपुढे धरला.