अपेक्षानं लपवलेलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. एक काळी मूठ, तिच्यावर गोल कडा आणि कडेत मधोमध फुगलेली काच, एवढाच माझा देह. माझी कडा एका बाजूनं वितळलेली आहे. काचेवर धुराचा पिवळट डाग आहे, तो कितीही पुसला तरी जात नाही. तो डाग कसा पडला ते आज तुम्हांला सांगतो.

मला कुठल्याशा कारखान्यात घासून घासून फुगीर केलं. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. मग लोहचुंबक, तापमापी आणि काचेच्या नळ्या यांच्या सोबतीनं मी एका विज्ञानपेटीत बसलो आणि करमाडच्या पुढं आडरस्त्याला असलेल्या एका छोट्या शाळेत आलो. पेटीवर ‘काळजीपूर्वक हाताळा’ असं छापलेलं होतं. शाळेनं ते इतकं मनावर घेतलं की पेटीला कुणी हातच लावला नाही. कपाटात वर्षांमागून वर्षं गेली. तापमापी फुटली, लोहचुंबकाची ओढ कमी झाली, मी मात्र अंधारात तसाच पडून होतो. ज्याचं कामच बघणं आणि दाखवणं, त्याला अंधारात ठेवलं तर त्याचे दिवस कसे जात असतील, विचार करा.

मग सुदर्शन सर बदलून आले. ते शहरातून रोज मोटारसायकलीवर यायचे आणि तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घ्यायचे. भाद्रपदात पाऊस उघडला तसं त्यांनी आठवड्याचं वेळापत्रकच बदलून टाकलं. सोमवारी गोष्ट, मंगळवारी मणीमाळेवरचं गणित. शनिवारी तर दप्तर आणायचंच नाही. गुरुवार माझा होता. त्या दिवशी सगळा वर्ग शाळेबाहेर पडायचा. कपाशीची बोंडं नुकती उकलायला लागली होती, बांधावर तरवड पिवळा झाला होता, सकाळी गवतावर दव असायचं. मुलं मला एकमेकांच्या हातातून ओढून घ्यायची. मुंगीचे पाय, फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, बोंडातल्या सरकीला धरून बसलेले धागे, सगळं मी मोठं करून दाखवायचो. कृष्णा नावाचा चौथीतला मुलगा मला डोळ्याला लावून म्हणाला होता की हे भिंग म्हणजे शाळेतलं सगळ्यांत भारी सामान आहे. इतक्या वर्षांत माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

शुक्रवार वाचनाचा होता. प्रत्येकानं उभं राहून पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं. तिसरीतल्या अपेक्षाला त्या दिवसाची धडकी भरायची.

अपेक्षा शांत मुलगी होती. तिची आई रत्नमाला शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि वडील ट्रकवर असायचे, ते महिना महिना दिसायचे नाहीत. अपेक्षाला तोंडी विचारलं तर पाढे, कविता, गोष्ट सगळं यायचं. पुस्तक हातात आलं की ती गप्प व्हायची. पुस्तक कधी दूर धरायची, कधी वाकडं धरायची, डोळे चोळायची. दुपारनंतर तिचा डावा डोळा हळूच नाकाकडं सरकायचा. मुलं तिला ‘चकणी’ म्हणायची. सुदर्शन सर मुलांना रागवायचे, पण तिलाही म्हणायचे की तू घरी पुस्तक उघडतच नाहीस, तुझं डोकं चांगलं आहे, तू फक्त कंटाळा करतेस. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटायचं तेच ते बोलत होते.

एका गुरुवारी मुलं मुंग्यांच्या वारुळाभोवती गोळा झाली असताना मी अपेक्षाच्या हातात आलो. तिनं मला मुंगीवर धरलंच नाही. तिनं दप्तरातून वाचनाचं पुस्तक काढलं, मला त्यावर धरलं आणि ती श्वास रोखून बसली. तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. माझ्याखाली ‘चिमणी’ हा शब्द होता. तिचे ओठ हलले. तिनं तो शब्द वाचला, मग पुढचा वाचला. तेवढ्यात कुणीतरी मला हिसकावून घेतलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं कळलं. या मुलीला जवळची अक्षरं दिसतच नव्हती. हे सरांना माहीत नव्हतं, तिच्या आईला माहीत नव्हतं. खुद्द तिलाही माहीत नव्हतं, कारण सगळ्यांनाच अक्षरं अशी धूसर दिसतात आणि तरी बाकीचे वाचतात, आपणच मठ्ठ आहोत, असं ती समजून चालली होती. ठाऊक होतं ते एकट्या मला, आणि मला तोंड नव्हतं.

पुढच्या गुरुवारी फेरीवरून परतताना तिनं मला दप्तरात टाकलं.

तिच्या घरी वाकळांच्या घडीत माझी जागा होती. दसऱ्याची सुट्टी लागली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रत्नमाला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली, तेव्हा अपेक्षानं मला बाहेर काढलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत काही छापलेलं होतं. ती पत्र्याच्या डब्यावर चढली आणि मला त्या ओळीवर धरून तिनं वाचलं, “शि-का.” पुढच्या ‘संघटित’ या शब्दापर्यंत ती पोचली, अडखळली आणि पुन्हा मागं येऊन “शिका” म्हणाली. जन्मल्यापासून ती तसबीर ती रोज बघत होती. तिच्याखाली काय लिहिलंय ते तिला त्या दिवशी कळलं. रात्री झोपेपर्यंत ती मला घेऊन घरातलं सगळं छापील वाचत सुटली. साबणाचा कागद वाचला, मिठाची पिशवी वाचली, औषधाच्या बाटलीवरचा कागदही सोडला नाही. माझ्या आयुष्यात त्याहून आनंदाचा दिवस आला नाही.

सुट्टी संपली आणि गुरुवारी सरांनी पेटी उघडली. माझी जागा रिकामी होती. भिंग कुणी नेलं असेल तर परत आणून ठेवावं, नाहीतर उद्या सगळ्यांची दप्तरं तपासावी लागतील, एवढंच त्यांनी सांगितलं. शाळा सुटल्यावर मुलं आपापसांत नावं घेऊ लागली. कुणीतरी अपेक्षाचंही घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती इतर मुलांच्या आधी आली. मला कपाटात परत ठेवायचं तिच्या मनात होतं, पण खिचडी शिजवणाऱ्या कडूबाई वर्ग झाडत होत्या. अपेक्षा दारात थबकली. मग ती मैदानाच्या कडेला धावली. पावसाळ्यात माजलेलं गवत कापून तिथं भिंतीशी वाळत टाकलेलं होतं. त्या ढिगात तिनं मला तिरपं खोचलं आणि वरून चार काड्या टाकल्या.

वाऱ्यानं त्या काड्या उडवल्या. ऊन वर आलं. तुम्हांला आश्विनातलं ऊन माहीत आहे, ते सरळ येऊन बोचतं. माझ्या काचेवर ते पडलं आणि माझ्या पोटातून जाऊन खालच्या गवतावर त्याचा एक बारीक, पांढरा ठिपका झाला. मी घाबरलो. उन्हाला एका ठिकाणी गोळा करायचं हा माझा स्वभाव आहे, तो मला थांबवता येत नाही. मला कूस बदलता येत नव्हती, डोळा मिटता येत नव्हता. ढग यावा, एखादी शेळी यावी, कुणाचा पाय लागावा आणि मी पालथा पडावा, अशी मी विनवणी करत होतो. भिंतीपलीकडं शेजारचे शेतकरी बद्रीनाथ यांनी मक्याचा चारा रचून ठेवला होता आणि चाऱ्याला लागून गोठा होता. वर्गातून मुलांच्या वाचनाचा आवाज येत होता. माझ्याखालची काडी तपकिरी झाली, काळी झाली, आणि तिच्यातून धुराचा एक दोरा निघाला.

पहिल्यांदा कडूबाईंना वास आला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खिचडीसाठी भरून ठेवलेली पाण्याची घागर उचलून त्या मैदानाकडं धावल्या आणि जाता जाता सरांना हाक मारली. तोवर ढिगाला जाळ धरला होता. सर सगळ्या मुलांना मागच्या दारानं बाहेर काढत होते. तेवढ्यात अपेक्षा त्यांच्या हाताखालून निसटली. ती थेट ढिगापाशी आली आणि तिनं पेटत्या गवतात हात घातला.

माझी कडा वितळत होती. तिची बोटं मला चिकटली, पण तिनं मला सोडलं नाही.

कडूबाईंनी तिला मागं ओढलं आणि घागर जाळावर रिती केली. कृष्णा आणि चौथीतली मुलं हौदातून बादल्या आणू लागली, भिंतीपलीकडून बद्रीनाथही धावले, आणि जाळ चाऱ्यापर्यंत पोचण्याआधी विझला. मग सगळे अपेक्षाभोवती गोळा झाले. तिच्या तळव्यावर फोड आले होते आणि मुठीत मी होतो.

सरांनी मला पाहिलं. मुलांत कुजबुज सुरू झाली. सरांचा चेहरा रागानं आणि भीतीनं पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, “का नेलंस?”

तिनं मूठ उघडली. मग म्हणाली, “त्याच्याबिगर अक्षरं उभी राहत नाहीत, सर.”

“म्हणजे?”

“हालत्यात. पाण्यात पडल्यासारखी. भिंग धरलं की थांबतात.”

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत, पण त्यांना ते पटलं आहे असंही दिसलं नाही. मला वाटलं, संपलं. आता मी पुन्हा कपाटात जाणार आणि ही जन्मभर चोर ठरणार. तेव्हा कडूबाई तिच्या हातावर पाणी ओतता ओतता म्हणाल्या, “पोरगी खोटं नाय बोलत, सर. सुट्टीच्या आधी ताटातली मिरची बघून किडा हाय म्हून ताट सोडून उठली. मला वाटलं नखरे करती. तिला दिसतच नसंल तर?”

सर तिथंच मातीत खाली बसले. त्यांनी वर्गातून पुस्तक मागवलं आणि तिच्यापुढं धरलं. तिला एकही शब्द वाचता आला नाही. मग त्यांनी आपल्या शर्टाला पुसून मला त्या पानावर ठेवलं. हात दुखत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती वाचत गेली. एक ओळ झाली, दुसरी झाली. सर पुस्तकाकडं बघत नव्हते, तिच्या डोळ्यांकडं बघत होते.

निरोप मिळाल्यावर रत्नमाला कामावरून तशीच आली. वाटेत तिला कुणीतरी चोरीचं सांगितलं होतं. तिनं आल्या आल्या मुलीवर हात उगारला. सरांनी मध्ये येऊन तो धरला.

“आमच्या लेकराला चोराचं नाव लागलं तर ते पुसत नाय, सर,” ती म्हणाली.

“चोरी झालेली नाही, ताई. दोन महिने ही माझ्यासमोर बसून आंधळ्यासारखी चाचपडत होती. मी तिला आळशी म्हणत होतो.”

रत्नमालेला ते लगेच पटलं नाही. लेकीला दोन धड डोळे आहेत, लांबची बस तिला ओळखू येते, मग अक्षर का दिसू नये, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. पण हाताला मलम लावायला शहरातल्या दवाखान्यात जायचंच होतं. तिथं सरांनी दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडंही नेलं. सरांच्या खिशात मीही होतो, त्यामुळं डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर होता. डाव्याला इतका, की मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं. चष्मा लावायचा आणि उजवा डोळा रोज काही तास झाकून डाव्याला कामाला लावायचं, असं त्यांनी सांगितलं. डावा डोळा किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही, दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले. बाहेर आल्यावर जिन्यावर बसून रत्नमाला रडली.

अपेक्षाला चष्मा आला. त्याच्या काचा माझ्यासारख्याच मधोमध फुगलेल्या आहेत, माझ्याच जातीच्या. उजव्या डोळ्यावर पट्टी लावून ती शुक्रवारी उभी राहते. एकट्या डाव्या डोळ्यानं वाचताना ती एका ओळीवर इतका वेळ थांबते की मुलं चुळबुळ करतात. परवा तिला ‘पाऊस’ आणि ‘पाऊल’ यांतला फरक दिसला नाही. तिनं पट्टी ओढून काढली आणि बाकावर डोकं टेकवलं. सर तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं तिनं स्वतःच पट्टी पुन्हा लावली. तो डोळा किती जागा होईल, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

मी आता कपाटात नसतो, खिडकीपासून लांब एका खिळ्याला कापडी पिशवीत टांगलेला असतो. गुरुवारी मुलं मला नेतात आणि काम झालं की पिशवीत परत ठेवतात. तुम्हीही माझ्यासारख्याला उन्हात उघडं टाकू नका, मित्रांनो, आणि कपाटात कोंडूनही ठेवू नका. आणि तुमच्या शेजारी एखादं लेकरू पुस्तक हातात घेऊन गप्प बसलं असेल, तर त्याला हसण्याआधी आणि त्याच्यावर रागावण्याआधी एवढंच विचारा, “तुला दिसतंय ना?” माझ्याकडं हा प्रश्न होता, विचारायला तोंड नव्हतं. तुमच्याकडं आहे.